सरकारी हिशोबानं एकशे तेरा

मोहाडी,
२० जून २०२५

चि. स्वातीस, आजीचा आशीर्वाद. आशीर्वाद देऊन झाला, आता भांडण आयक.

तुह्या त्या जपानी म्हातारीनं माह्या घरात उच्छाद मांडला. तिची काही चूक नाही. बिचारी सात समुद्रापलीकडे बसून भात खाऊन राहिली, तिले कोण मोहाडी न कोण गोदावरी. चूक तुही हाये, तुह्या भावाची हाये, न माह्या त्या आधार कार्डाची हाये.

तू लिवलं का मी ज्या म्हाताऱ्यांच्या आश्रमात कामाले हाये तिथं हात्सु नावाची बाई हाये, जन्म १९१२, वय एकशे तेरा, जपानात तिचं मोठं नाव. पत्र माह्या नावाचं, पण फोडलं तुह्या भावानं, अंकुरनं. दुसऱ्याचं पत्र फोडू नये हे त्याले कोणी शिकवलंच नाही वाटते. त्यानं ते वाचलं, मंग माह्या पेटीतलं आधार कार्ड काढलं न नाचतच माह्यापाशी आला. कागदावर मोठ्या अक्षरात लिवून देलं, "आजी, तुह्या कार्डावरबी १९१२ हाये!"

हाये तं हाये. कसं हाये ते तुले माहीत नसन म्हणून सांगते. शाळेत आधारचं शिबिर लागलं तवा माह्यापाशी जन्माचा कागद नव्हता. तुह्या आज्यानं जुनं रेशनकार्ड नेऊन देलं. त्यात माह्या नावाच्या वर माह्या सासूचं नाव. मशीनवाल्या पोरानं सासूच्या वयावरून साल काढलं न माह्या नावापुढं टाकलं. तवापासून सरकारी हिशोबानं मी माह्या नवऱ्याच्या मायच्या वयाची झाली. तुहा आजा म्हणे, "आता सकाळी उठून तुह्या पाया पडा लागन मले." तो हसला, मीबी हसली, न कार्ड पेटीत ठेवून देलं. तीच चूक झाली.

मी चौऱ्याऐंशीची हाये. माह्या पाठीवर दोन वर्षांनी बाबुलाल झाला, तो ब्याऐंशीचा. माह्या माहेरच्या, कोंढ्याच्या घरातले आम्ही दोघंच उरलो. तो अजून मले "गोदे" म्हणते. बाकी सारे आजी, काकू, मावशी. एकशे तेराच्या बाईले ब्याऐंशीचा भाऊ कसा असन, सांग बरं? पण अंकुरच्या डोक्यात कोण घालन हे?

त्याचं तहसील रोडवरचं ऑनलाइनचं दुकान तुले माहीत हाये. फारम भरते, झेरॉक्स काढते, बॅनर छापते. आता त्याले नगरपंचायतीत उभं राह्याचं हाये. शेंबूड पुसता येत नाही न निघाला गाव चालवाले. एक ऑक्टोबरले ज्येष्ठ नागरिक दिन, त्या दिवशी माहा सत्कार. भय्याजी पुढारी अध्यक्ष. बॅनरवर "जगातील सर्वात वयोवृद्ध माता मोहाडीत!" न खाली त्याचाच हात जोडलेला फोटो.

तू पत्रात त्या बाईच्या सवयी लिवल्या होत्या ना, त्या त्यानं छापून माह्या खाटेसमोर चिकटवल्या. पाच वाजता उठणे. थंड पाण्यानं तोंड धुणे. पोट भरायच्या आधी ताटावरून उठणे. तुही माय करुणा तं खरंच माह्यं ताट अर्धं करून राहिली! मी भाताच्या मुलखातली बाई, भात पाह्यल्याशिवाय मले जेवलं असं वाटत नाही. काल मी ताट घेऊन चुलीपाशीच गेली न हातानं वाढून घेतलं.

माह्या कानानं सहा वर्षांपासून साथ सोडली. फोनवर तू दिसते, मासोळीसारखं तोंड हलते, आवाज येत नाही. ह्या घरात मी कोणाशी भांडू? मी बोलते, ते बोलतात, न मले वाटते मीच जिंकली. म्हणून पत्रानं सांगते. अंकुर तुह्यं आयकते. त्याले म्हण, थांब.

तुही आजी,
गोदावरी (वय चौऱ्याऐंशी)


निगाता, जपान
१२ जुलै २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसली की सोबतची नेपाळी पोरगी धावत आली, काय झालं म्हणून. "हातानं वाढून घेतलं" हे मी तिला हिंदीत सांगितलं, तीही हसली.

रागावू नको. मी हात्सु-सानबद्दल (इथं मान म्हणून नावापुढं 'सान' लावतात, आपल्या 'बाई'सारखं) तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं होतं, कारण मला तिच्यात तू दिसते. तीही भाताच्या गावची. हा सारा भाग धानाचा, पावसाळ्यात आपल्या लाखनीच्या रस्त्यानं जावं तसंच हिरवंगार दिसते. लहानपणी तिनं गुडघाभर चिखलात रोवणी केली. तिला पेज लागते, पण भाताचं शीत हाताला लागलं पाहिजे. जास्त शिजवून आणली तर चमचा आपटते. मी नवीन होती तेव्हा एकदा माझ्या अंगावर फेकला होता. पेजेसोबत एक खारवलेलं आंबट फळ असते, आपल्या लोणच्यासारखं, तोंड वाकडं होईल इतकं आंबट. ती ते रोज एकच खाते आणि बी अर्धा तास तोंडात घोळवते.

पाच वाजता उठते हे खरं आहे. थंड पाणीही खरं आहे. बाह्यांत खडीसाखरेसारख्या गोळ्या लपवते हे मी मागच्या वेळी लिहिलं नव्हतं, ते तू अंकुरला दाखव. एक वही आहे तिची. रोज एक ओळ लिहिते: तारीख, हवा, काय खाल्लं. बस. पेपर आला की भिंग घेऊन आधी मरणाच्या बातम्या वाचते, मग बाकीचं. पत्रकार दीर्घायुष्याचं गुपित विचारायला आले होते, तर म्हणाली, "मरायचं राहून गेलं."

आता अंकुरचं. आजी, माझा त्याच्याशी बोलायचा जीव होत नाही गं. मी इथं आली ती त्याच्यामुळे. एक वर्ष तो माझे फारम भरून राहिला होता. पासपोर्टसाठी तीन वेळा नागपूरला आला माझ्यासोबत. बाबा नाही म्हणत होते तेव्हा बाबांशी तो भांडला. त्याचं आजवर एकही काम धड झालं नाही. एक दिवस तुझ्या गळ्यात हार पडला, चार फोटो निघाले, तर काय बिघडते? एक शाल मिळेल. त्या निमित्तानं त्याला लोक ओळखतील. एवढं कर ना त्याच्यासाठी.

बाबुलाल आजोबांना नमस्कार सांग.

तुझी,
स्वाती


मोहाडी,
३ ऑगस्ट २०२५

स्वाती,

"काय बिघडते" म्हणून तू लिवलं. काय बिघडलं ते आता सांगते, नीट वाच न मंग हस.

मागच्या रविवारी बाबुलाल आला होता. कोंढ्यावरून दोन गाड्या बदलून येते तो, ह्या वयात. माह्यासाठी लाखोरीची दाळ आणली होती फडक्यात बांधून. आम्ही ओसरीत बसलो. तो माह्या कानापाशी येऊन वरडून बोलते, म्हणून त्याचं मले आयकू येते. तेवढ्यात अंकुर एका पत्रकाराले घेऊन आला, क्यामेरा-बिमेरा घेऊन.

पत्रकारानं बाबुलालकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. अंकुर काय बोलला ते मले आयकू आलं नाही, पण बाबुलालचं तोंड मी पाह्यलं. तो उभा झाला न वरडला, ते मातर मले आयकू आलं: "नातू? मी हिचा नातू? माही सख्खी बहीण हाये हे! एका मायच्या पोटचे आहो आम्ही!"

मंग अंकुरनं हसून पत्रकारापुढं आपल्या कपाळावर बोट फिरवलं. असं. म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर नाही म्हणून. स्वाती, मी बहिरी हाये, आंधळी नाही.

मी उठेपर्यंत बाबुलालनं चपला घातल्या. मी "पाणी तं पे" म्हटलं. त्यानं मले पाह्यलं न म्हटलं, "गोदे, तू काहून चूप बसली?" एवढंच. पाणी न पिता गेला. माह्या दारातून माहा भाऊ पाणी न पिता गेला! त्याले वाटलं मीबी त्यात सामील हाये. मी चूप होती कारण मले काही आयकूच आलं नव्हतं. हे त्याले सांगाले मले वेळच भेटला नाही.

अंकुरले मी मंग जे बोलली ते पत्रात लिवता येत नाही. तुह्या बापाले म्हटलं, मधुकर, तुह्या मामाचा अपमान झाला, ऊठ, कोंढ्याले जाऊन पाय धर. तो मोबाइल पाहून राहिला. रिटायर झाल्यापासून त्याचा कणाच काढून ठेवला कोणी. कागदावर लिवून देते, "पोराचं कार्यक्रमापर्यंत सांभाळ, मंग पाहू." मंग म्हणजे कवा? मी काय खरंच एकशे तेराची होऊन बसणार हाये?

नऊ तारखेले राखी हाये. तो दर वर्षी येते. ह्या वर्षी आला नाही तं मी जाईन. तू अंकुरशी बोल. आता लाड पुरे झाले.

गोदावरी


निगाता,
२५ ऑगस्ट २०२५

आजी,

मला माफ कर. मला वाटलं गंमत आहे. आजोबांना असं बोलला हे वाचून मी लगेच अंकुरला फोन केला, खूप भांडली. आधी म्हणाला तू तिखटमीठ लावते. मग म्हणाला चूक झाली, गणपती झाले की तुला स्वतः कोंढ्याला नेतो, आजोबांची माफी मागतो. त्यानं माझी शपथ घेतली.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दिवसभर हात्सु-सानकडे पाहत होती. मी तुला लिहिलं होतं ना, ती आधी मरणाच्या बातम्या वाचते. मी समजत होती म्हाताऱ्यांना ती सवयच असते. काल इथल्या जुन्या बाईनं सांगितलं. हात्सु-सानची एक धाकटी बहीण होती, दुसऱ्या गावात, एकशे एक वर्षाची. नऊ वर्षांपूर्वी ती गेली. इथल्या लोकांनी विचार केला की म्हातारीला धक्का बसेल, म्हणून सांगितलंच नाही. चाळीस दिवस. ती रोज विचारत होती, बहिणीचं पत्र आलं का? आणि हे म्हणत होते, येईल. शेवटी जुन्या पेपरच्या तुकड्यावर तिनं स्वतः वाचलं. तो तुकडा ओल्या बुटात घालायला ठेवला होता कोणीतरी, बूट वाळावे म्हणून.

तेव्हापासून ती कोणावर विश्वास ठेवत नाही. रोज सकाळी, पेजेच्या आधी, जो समोर येईल त्याला विचारते, "आज कोण मेलं? खरं सांग." सहा पोरं होती तिची, सगळी गेली. नवरा लढाईत गेला. आता नुसतं "हात्सु" म्हणून हाक मारणारं कोणी नाही. सगळे मान देतात, सगळे वाकतात, आणि ती सगळ्यांवर चिडलेली असते.

तुला राखीला जायला मिळालं का? आजोबा आले का? लवकर लिही.

स्वाती


मोहाडी,
१० सप्टेंबर २०२५

स्वाती,

राखीले बाबुलाल आला नाही. मी वाट पाह्यली, मंग अंकुरले कोंढ्याले चाल म्हटलं तं पोळा झाल्यावर, पोळा झाला तं गणपती झाल्यावर. गणपती गेले पाण्यात. अंकुर म्हणते आता पितर सुरू झाले, मंग नवरात्र, सत्कार झाला का त्याच दिवशी गाडीनं नेतो. तुही शपथ त्यानं घेतली होती ना? घे आता!

काल मी ठरवलं. पिशवीत राखी न लुगडं घातलं, नवरात्राच्या साफसफाईत सारे गुंतले होते, मी स्टँडवर गेली न भंडाऱ्याच्या गाडीत बसली. कंडक्टरनं तिकिटासाठी कार्ड मागतलं. म्हाताऱ्यांले फुकट असते म्हणून मी देलं. त्यानं कार्ड पाह्यलं, माह्यं तोंड पाह्यलं, न खिडकीतून बाहेर पाह्यलं. बाहेर माहाच बॅनर लागला होता, पुरुषभर उंच. मंग त्याचं न माह्यं भांडण झालं. मी म्हटलं मी चौऱ्याऐंशीची. तो कार्ड दाखवते. एकशे तेरा वर्षाच्या बाईले एकटं नेलं न रस्त्यात काही झालं तं? त्याचंबी काय चुकलं? त्यानं बॅनरवरचा नंबर लावला. दहा मिनिटात अंकुर फटफटीनं हजर. मले उतरवलं. सारी गाडी पाहून राहिली होती.

ज्या वयापायी हे मले नाचवून राहिले त्याच वयानं मले भावाकडे जाऊ देल्लं नाही. मी चिडून चिडून आता थकली.

आजच्या बाजारात कोंढ्याजवळच्या पवनीकडची एक भाजीवाली भेटली. तिनं खुणेनं सांगतलं, बाबुलाल दवाखान्यात हाये, छातीचं हाये. घरात विचारलं तं सारे मान हलवतात, "काही नाही, बरा हाये."

मले ह्या घरातल्या कोणाचं खरं वाटत नाही. तुले फोन करता येते, तुले आयकू येते. त्याच्या पोराले, निकेशले फोन कर. नंबर खाली लिवला हाये. भाऊ कसा हाये ते मले खरं लिव. वाईट असन तं वाईट लिव. मी पायी जाईन. माह्यं आता तुह्याशिवाय कोणी नाही.

आजी


निगाता,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय आजी,

तुझं पत्र मिळालं. तू एकटी गाडीत बसली हे वाचून मला भीती वाटली. असं करू नको.

मी फोन केला होता. आजोबांना थोडा खोकला होता, दवाखान्यात नेलं होतं. आता बरे आहेत. काळजीचं कारण नाही. तू आपली तब्येत सांभाळ, सत्कार झाला की जाशीलच.

इथं पंधरा तारखेला म्हाताऱ्या लोकांचा सण झाला, सरकारी सुट्टी असते. गावचे नगराध्यक्ष हात्सु-सानला भेटायला आले, फुलं घेऊन, दहा-बारा माणसं, क्यामेरे. तिनं त्यांना दुरून पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. झोपलीच नव्हती, मला माहीत होतं, कारण तिचं तोंड हलत होतं, ते आंबट बी. ते अर्धा तास तिच्याशेजारी उभे राहून फोटो काढून गेले. ते गेल्यावर तिनं डोळे उघडले आणि भात मागितला.

थंडी सुरू होऊन राहिली आहे. पत्र छोटं आहे, ड्युटी आहे.

स्वाती


कोंढा,
८ ऑक्टोबर २०२५

स्वाती,

तुह्यं चोवीस तारखेचं पत्र काल मधुकर इथं आणून देऊन गेला. ते माह्यासमोर ठेवून मी हे लिवून राहिली. "आता बरे आहेत. काळजीचं कारण नाही." तुह्यं अक्षर मले चांगलं ओळखू येते, मीच तुह्या हाताले धरून पाटीवर गिरवलं होतं.

बाबुलाल वीस तारखेले गेला. शनिवारी, सकाळी.

आता एक तारखेचं सांगते, कारण तुले त्यांनी काय सांगतलं असन कोण जाणे. तहसीलपुढच्या मैदानात मंडप होता. मले नवं लुगडं नेसवलं, खुर्चीत बसवलं, खुर्चीसकट चार पोरांनी वर चढवलं. मनात म्हटलं, होऊन जाऊ द्या, संध्याकाळी कोंढ्याले जाणार हाये. भय्याजी बोलला, अंकुर बोलला. तोंडंच हलताना दिसत होती. हार घातला. टाळ्या पाह्यल्या मी.

मंग मी समोर पाह्यलं. मंडपाच्या मागच्या लाकडी बल्लीपाशी निकेश उभा होता. बाबुलालचा पोरगा. डोक्यावरचा गमछा त्यानं काढून हातात धरला होता, न डोकं तासलेलं होतं.

कोणाले सांगा लागलं नाही मले. बाप मेल्याशिवाय निकेशनं डोकं कायले तासलं असतं? न दहावा झाला असन तवाच तासलं, म्हणजे जाऊन दहा दिवस झाले. माह्या गळ्यात हार. तो माह्याकडे असा पाहून राहिला होता का मी त्या नजरेत जळून गेली. त्याले वाटलं आत्याले सारं माहीत हाये न आत्या हार घालून बसली.

तेवढ्यात त्या पत्रकारानं माह्यापुढं माइक धरला न कागद दाखवला. कागदावर लिवलं होतं, "आजी, एवढ्या दीर्घायुष्याचं गुपित काय?" अंकुरनं मले उत्तर पाठ करून देलं होतं. मी माइक हातात घेतला. मी म्हटलं:

"माहा भाऊ मेला, न ह्या घरानं मले सांगतलं नाही. हे गुपित हाये. मी चौऱ्याऐंशी वर्षाची हाये. एकशे तेराची आज माही सासू असती, ते मेली. तो पोरगा उभा हाये ना मागं, डोकं तासलेला, तो माह्या सख्ख्या भावाचा पोरगा. त्याच्या बापाले ह्यांनी वेडा ठरवलं. आता वाजवा टाळ्या!"

कोणी वाजवली नाही. भय्याजी उतरून गाडीत बसला. अंकुर माह्या हातातून माइक घ्याले आला, मी तोच माइक त्याच्या डोक्यावर हाणला. चांगला हाणला. लोक म्हणतात आवाज घुमला, मले आयकू आला नाही, हाताले समजला.

हार मी काढून टाकला. निकेश पुढं आला नाही, मीच खाली उतरली न त्याच्यापाशी गेली. त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानं माह्या कानात वरडून सांगतलं. तीन वेळा अंकुरले फोन केला म्हणे. बाबा "गोदीले बोलवा" म्हणून राहिले, आत्याले आणा. अंकुर दर वेळी म्हणे, आत्या बिमार हाये, येऊ शकत नाही. मेल्यावर फोन केला तं म्हणे, आत्याले धक्का बसन, सांगत नाही. सुतकात सत्कार होत नसते ना, म्हणून. तेरवी दुसऱ्या दिवशी, दसऱ्याले होती, निकेश भांडाले आला होता मोहाडीले. बहिणीले एवढं काय झालं ते डोळ्यानं पाहाले. त्याच्याच फटफटीवर मी त्याच्या मागं बसून इथं आली.

तूच लिवलं होतं, त्या हात्सुबाईच्या बहिणीचं. चाळीस दिवस लपवलं म्हणून ते अजून कोणावर भरोसा ठेवत नाही. ते लिवणारी तूच ना?

मले एकच सांग. चोवीस तारखेले हे पत्र लिवलं तवा तुले माहीत होतं का? का अंकुरनं तुलेबी फसवलं? बाकी काही लिवू नको. हो का नाही, एवढंच.

गोदावरी
मु. पो. कोंढा, ता. पवनी


निगाता,
२६ ऑक्टोबर २०२५

आजी,

हो.

तू बाकी लिहू नको म्हणाली, पण एवढं लिहिते, मग तू फाडून टाक. तुझं दहा तारखेचं पत्र मला बावीसला मिळालं. मी निकेशकाकाला नाही, अंकुरला फोन केला. तो रडला. म्हणाला, आजोबा शनिवारीच गेले, आता सांगून ते परत येणार आहेत का, आठ दिवसांवर कार्यक्रम आहे, पत्रिका वाटल्या, तू आजीला काही लिहू नको, मी त्या दिवशी स्वतः तिच्या पाया पडून सांगीन. मी म्हटलं, मी खोटं लिहिणार नाही. त्यानं फोन ठेवला. मग दोन दिवसांनी मी खोटं लिहिलं. कोणी माझा हात धरला नव्हता.

हात्सु-सानबद्दल लिहिलेलं ते पत्र मीच लिहिलं होतं, हो. ती रोज विचारते, आज कोण मेलं, खरं सांग. चोवीस तारखेलाही विचारलं होतं. मी तिला खरं सांगितलं, माझ्या आजीचा भाऊ मेला. तिला सांगितलं आणि तुला नाही.

तिनं विचारलं, आजीला कळवलं का? मी हो म्हटलं. तिनं वही काढून त्या दिवसाच्या ओळीत लिहून घेतलं.

स्वाती


कोंढा,
१४ नोव्हेंबर २०२५

स्वाती,

तुह्यं पत्र भेटलं. फाडलं नाही. "हो" लिवलं ते बरं केलं. एक दिवस मले वाटलं होतं तू "नाही" लिवशील न मी डोळे मिटून मानून घेईन. तसं झालं असतं तं सोपं गेलं असतं, मले न तुले दोघीले.

मी मोहाडीले गेली नाही, जाणार नाही. मधुकर दोनदा आला, अंकुर एकदा आला. अंकुर अंगणात उभा राहिला, निकेशनं त्याले पाणी देल्लं, तो पेला. मी बाहेर आली नाही. इथं धान कापणं चालू हाये, मी अंगणात बसून पाखरं हाकलते न निकेशच्या पोरीले ओरडते.

निकेशनं इथल्या शाळेतून जुन्या रजिस्टरचा दाखला काढला. गोदावरी, जन्म १९४१, चौथी पास. तो कागद घेऊन पवनीले गेलो, बोटं टेकवली, फोटो काढला, न पंधरा दिवसात माह्यं वय दुरुस्त होऊन आलं. एवढं सोपं होतं ते. अंकुरचं तं दुकानच त्याच्यासाठी हाये.

तुह्यावरचा राग हाये तसाच हाये, न तो कमी होईन अशी वाट पाहू नको. तू खरं लिवलं असतं तरी पत्र त्याच्या मरणाच्या मागूनच आलं असतं, हेबी मले समजते. मी हिशोब करून पाह्यला. पण माहा राग हिशोबानं चालत नाही.

निकेशची बायको सांगते, शेवटले तीन दिवस बाबुलालनं खाट दाराकडे फिरवाले लावली होती. मोटारीचा आवाज आला का म्हणे, "पाहा, गोदी आली." तिसऱ्या दिवशी म्हणे, "राह्यू द्या. ते मोठी झाली आता, पेपरात येते." न भिंतीकडे तोंड करून घेतलं. मी त्याच्याकडे निघाली होती, गाडीत बसली होती, पिशवीत राखी होती, हे त्याले माहीत न होता तो मेला.

कागदावरचं वय पवनीले दुरुस्त होते. हे दुरुस्त कराचं हापिस कुठं हाये, तेवढं मले लिव.

गोदावरी